आढ्यावरचा मान

लवू खवणेकर समुद्रात शूर होता आणि जमिनीवर, दोन हात उंचीपर्यंत, शूर होता. त्याच्या वर त्याचं काही खरं नसे. पाऊस तोंडावर आला, लोक होड्या वर ओढून झापांनी झाकू लागले की हा गृहस्थ शेवटची खेप म्हणून होडी पाण्यात ढकलायचा, आणि काळ्या ढगाखालून शिट्टी वाजवत परत यायचा. पण घरातल्या माळ्यावरून मिठाची बरणी काढायची झाली तर बायकोला हाक मारायचा.

ही गोष्ट आडबंदरात दोघांनाच ठाऊक होती. एक त्याची बायको प्रेमलता आणि दुसरा मी, तिथल्या प्राथमिक शाळेचा मास्तर. मला ती कळली अपघाताने. शाळेच्या भिंतीवर घड्याळ टांगायचं होतं, मी त्याला सहज म्हटलं, चढ जरा स्टुलावर. तो चढला. घड्याळ टांगलंही. पण मग उतरेना. कपाळावर घाम, ओठ पांढरे. शेवटी मी कमरेला धरून त्याला खाली घेतला, तेव्हा भिंतीला टेकून बसत तो म्हणाला, "मास्तरांनू, ह्यां खंय सांगू नकात."

मी सांगितलं नाही. खेड्यात मास्तराला शिकवण्याचा पगार कमी आणि गप्प बसण्याचा जास्त मिळतो, असं माझं मत आहे.

आता उंचीची भीती हा काही गुन्हा नाही. दुसऱ्या गावात हा माणूस मिठाची बरणी बायकोकडून काढून घेत सुखाने म्हातारा झाला असता. पण लवूचं घर आडबंदरात होतं, आणि आडबंदरात त्या घराला आढ्यावरचा मान होता.

तो काय ते सांगायला हवं. देवळाच्या जरा खाली, जिथे माड संपून पुळण सुरू होते, तिथे गावाची खोप होती, गावाचा मांड, म्हणजे सगळ्यांनी जमायची जागा. भिंती नसलेलं एक लांबच लांब छप्पर. माडाचे खांब, पोफळीचे वासे, वर माडाच्या चुडतांचे, म्हणजे झावळ्यांचे, विणलेले झाप, आणि हे सगळं सुंभाने बांधलेलं. अख्ख्या खोपीत खिळा नव्हता. छपराची दोन्ही पाखी इतकी खाली उतरलेली होती की आत शिरताना मोठ्यात मोठ्या साहेबाला वाकावं लागे; आम्ही लोक मुळातच वाकलेले असल्यामुळे आम्हाला ते जाणवत नसे. आत वाळूची जमीन. मे महिन्यात बाहेर पाय भाजायचे आणि आत वारा अंगावरून जायचा. जाळी तिथेच विणली जात, रापणीच्या मोठ्या जाळ्यात आलेल्या मासळीच्या वाट्यावरून भांडणं तिथेच होत, साखरपुडे तिथेच, पुढाऱ्यांची भाषणंही तिथेच. उकाडा फार झाला की मी माझी शाळाही तिथेच भरवत असे, आणि मुलं निदान झोपत तरी शांतपणे.

खाऱ्या वाऱ्याने झाप वर्षभरात कुजतात. म्हणून दर वर्षी पावसाआधी एक दिवस ठरवून सारा गाव खोप नव्याने शाकारायचा. कोणी काय करायचं हे इतक्या मागे ठरलं होतं की आता ते बदलणं कोणाच्या हातात राहिलं नव्हतं. वरच्या वाडीने झाप आणायचे. खालच्या वाडीने सुंभ. गावचे पहिले मानकरी, गावकर, म्हणून आबांनी गाऱ्हाणं घालायचं, म्हणजे देवीपुढे गावाच्या वतीने बोलायचं. एका घराला जुने कुजके झाप ओढून नेऊन जाळायचा मान होता, आणि त्यातला एक जरी झाप दुसऱ्याने उचलला तर वर्षभर बोलणं बंद. सगळं झाल्यावर शेवटचा झाप राहायचा, आढ्यावरचा, म्हणजे छपराच्या उंच कण्यावरचा, अगदी मधोमध. तो बांधायचा मान लवूच्या घराचा. अनवाणी चढायचं, आढ्यावर दोन्हीकडे पाय टाकून बसायचं, आणि दोन्ही हातांनी गाठ मारायची. तोवर खाली गाव मान वर करून उभं असायचं आणि आबा गाऱ्हाणं घालायचे.

लवूचा बाप जयराम त्याच आढ्यावरून पडला. पाऊस नव्हता, वारा नव्हता, झाप कोरडे होते. शिवाय जयराम म्हणजे एका दमात माड चढून जाणारा माणूस. त्याने गाठ मारली, गाऱ्हाण्याला लोकांनी व्हय म्हाराजा म्हटलं, आणि बघता बघता तो खाली आला. का पडला ते कोणालाच सांगता आलं नाही. दोन-तीन दिवस काढले आणि गेला. लवूला तेव्हा मिसरूड फुटत होतं. पुढच्या वर्षी आढ्यावर लवू चढला, कारण मान घराचा होता आणि घरात दुसरा पुरुष नव्हता.

तेव्हापासून तो दर वर्षी चढत आला होता, डोळे घट्ट मिटून. चाचपडत वर जायचा, चाचपडत गाठ मारायचा, चाचपडत उतरायचा. खाली बायका कौतुकाने म्हणायच्या, "बघ गो, कसो डोळे मिटून देवीचां नाव घेता तो." माझ्या मते तो नाव नक्कीच घेत असावा.

प्रेमलता मला सांगायची की चैत्र सरला की याचं जेवण निम्म्यावर येतं. ती मासळी विकणारी बाई. मालवणच्या बाजारात बसून भल्याभल्यांचं पाणी जोखलेलं. तिला हे पटत नसे. "सांग जा गावाक, माका भय वाटता म्हणान," ती त्याला म्हणायची. पण लवूला ते जमण्यासारखं नव्हतं. बाप ज्या आढ्यावरून पडला तिथे मुलगा चढायला नको म्हणतो, याचा अर्थ आडबंदरात एकच झाला असता, की बापाचा मान मुलाने टाकला. त्यापेक्षा पडलेलं बरं, असं त्याचं गणित होतं, आणि दर वर्षी ते गणित घेऊन तो वर जायचा.

अशात आमचा जिल्हा रत्नागिरीतून वेगळा निघाला. ओरोसच्या माळावर कचेऱ्या उठू लागल्या आणि गावोगाव समाजमंदिरं मंजूर होऊ लागली. शेजारच्या गावाला एक मिळालं. चार भिंती, एक दार, वर स्लॅब. लवू ते बघायला गेला. आत शिरला, बाहेर आला, मागे जाऊन वर बघितलं, आणि संध्याकाळी माझ्याकडे येऊन खालच्या आवाजात म्हणाला, "मास्तरांनू, स्लॅबाक आढां नसता."

त्या दिवसापासून लवू सुधारणावादी झाला. गावाला समाजमंदिर हवं, आणि ते स्लॅबचंच हवं, यासाठी त्याने जे रान उठवलं त्याला तोड नाही. खोपीत साप येतात. खोपीला आग लागू शकते. खोपीत उंदीर जाळी कुरतडतात. शेजारच्या गावचे लोक हसतात. (हे खरं होतं, आणि गावावर परिणाम फक्त याचाच झाला.) कामधंदा सोडून तो एस.टी.ने ओरोसला जायचा. कचेरीत शिरताना चप्पल आणि मालवणी दोन्ही दाराबाहेर काढून ठेवायचा आणि साहेबासमोर म्हणायचा, "साहेब, आमच्या गावाला पक्क्या छपराची अत्यंत निकड आहे." एवढं एक वाक्य मी त्याला शिकवलं होतं. खरी निकड कुणाची होती ते मला माहीत होतं, पण साहेबाने विचारलं नाही.

चार-पाच वर्षांनी मंजुरी आली. लवूने गावभर साखर वाटली. ती तोंडात विरघळते न विरघळते तोच शुभदा आली.

शुभदा मुंबईची आर्किटेक्ट, नुकतीच शिकून बाहेर पडलेली. आमचं समाजमंदिर निसर्गाशी जुळणाऱ्या आदर्श इमारतींच्या कुठल्याशा योजनेत गेलं होतं आणि ते तिच्याकडे सोपवलं होतं. ती मालवणहून चालत आली, खोप बघितली, आत जाऊन वाळूत बसली, आणि संध्याकाळपर्यंत उठलीच नाही. वाशांना हात लावून बघत होती, सुंभाच्या गाठी कागदावर काढून घेत होती. आबांना तिने इतके प्रश्न विचारले की आयुष्यात पहिल्यांदा आबांचं बोलणं संपलं.

मग काही दिवसांनी ती आराखडा घेऊन आली. सभा अर्थात खोपीतच भरली, दुसरी जागाच नव्हती. तिने कागद उलगडला आणि सगळे पुढे सरकले. पालथ्या घातलेल्या होडीसारखी मोठी थोरली खोप होती ती. जांभ्या चिऱ्याचं जोतं, भोवती कट्टा, वर झाप. माड वाऱ्यात कलतो आणि मोडत नाही, तसे खांब किंचित कललेले. समुद्रावरचा वारा खालून आत यावा आणि उकाडा वर चढून आढ्याच्या फटीतून निघून जावा, म्हणून आढं जुन्या खोपीच्या दुप्पट उंच. मुलगी हुशार होती आणि तिचं म्हणणं अक्षर न् अक्षर खरं होतं. घोडं अडलं ते तिथेच.

"आणि हे बघा," ती हसून म्हणाली, "हे लवूकाका." आढ्यावर तिने एक छोटासा माणूस काढला होता. दोन्हीकडे पाय टाकून बसलेला.

लवूने चित्राकडे एकदाच बघितलं. मग तो उठला आणि साप, आग, उंदीर अशी आपली सगळी फौज त्याने तिच्यावर सोडली. शुभदाने एकेकाला उत्तर दिलं. शेवटी तिने गावालाच विचारलं, "इथे आत्ता किती छान वारा आहे. मग तुम्हाला स्लॅब का हवाय?"

लोक गार वाऱ्यात बसून विचारात पडले. खालच्या वाडीतला गणपत म्हणाला, "त्या गावाक मिळालो ना." यावर सगळ्यांनी माना डोलावल्या. यापेक्षा प्रामाणिक उत्तर मी कुठल्या सभेत ऐकलेलं नाही.

"पण दर वर्षी छप्पर नवं करणारं गाव आता कुठे राहिलंय?" शुभदा म्हणाली. "तुमच्याकडे ती माणसं आहेत. इतक्या उंचावर चढणारी माणसं आहेत."

"आसत तर," आबा म्हणाले. "आमचो लवू आसा. तेका काय, दुप्पट काय नि तिप्पट काय."

सगळं गाव लवूकडे अभिमानाने बघू लागलं. मी प्रेमलतेकडे बघितलं. ती वाळूत रेघा ओढत होती.

सभेत दोन तट पडले. वरच्या वाडीला होडीचं चित्र आवडलं होतं, खालच्या वाडीला शेजारच्या गावाचं तोंड बंद करायचं होतं. दोन तट पडले की आडबंदरात पुढचं ठरलेलं असतं. देवीला कौल लावायचा. मूर्तीच्या अंगावर दोन बाजूंना ओल्या पाकळ्या लावतात, प्रश्न विचारतात, आणि उजवीकडची आधी पडली तर होय. आबांनी हात जोडून विचारलं, "आये, गावाच्या मांडार पक्कां छप्पर होवंदे काय?" शुभदा पदर सावरून मागे उभी होती. लवूने नेहमीप्रमाणे डोळे मिटले होते.

उजवी पाकळी पडली.

शुभदाने कागद गुंडाळला. ती रागावली होती, आणि तिने ते लपवलं नाही. "फुलाने ठरवायचं होतं तर मला कशाला बोलावलंत?" एवढं बोलून ती एस.टी.ला गेली. गावाला वाईट वाटलं. पण देवीपुढे कोणाचं काय चालणार, असं म्हणून गावाने ते वाईट वाटणं तिथेच संपवलं.

स्लॅब टाकायचं काम सुरू झालं. देवीचं काम म्हणून वाळू लोकांनी पुळणीवरचीच आणून दिली, डोक्यावरून, मोठ्या भक्तीने. ठेकेदार म्हणत होता, खारी वाळू चालत नाही. आबा म्हणाले, देवीच्या दारातली वाळू कशी चालत नाही. ठेकेदार बाहेरगावचा, त्याला काम उरकायचं होतं. बायकांच्या वतीने प्रेमलतेने एक मागणी केली, बाहेरून वर जायला जिना हवा, मासे सुकत घालायला. तो झाला. जुनी खोप उतरवली गेली आणि तिच्या जागी चौकोनी, पांढरं, चार भिंतींचं समाजमंदिर उभं राहिलं. उद्घाटनाला आलेले साहेब आत अर्धं भाषण करून उरलेलं करायला बाहेर आले.

पण लवू. त्या मे महिन्यात लवू दोन्ही वेळा पोटभर जेवू लागला. गालावर मांस चढलं. प्रेमलता म्हणाली, हा झोपेत हसतो. संध्याकाळी तो समाजमंदिरासमोर उभा राहायचा आणि त्या सपाट, आढं नसलेल्या छपराकडे असा बघायचा, की कुणी देवळाच्या कळसाकडेही तसं बघत नसेल. त्याला इतकं सुखी मी आधी कधी पाहिलं नव्हतं, आणि मला ते बघून बरं वाटायचं.

तोटा झाला तो बाकीच्या गावाचा. समाजमंदिरात उन्हाळ्यात बसणं शक्य नव्हतं. भाकरी भाजून निघाली असती. बोललेलं भिंतींवर आपटून परत यायचं, त्यामुळे भांडणसुद्धा नीट होत नसे, आपलीच शिवी आपल्याला ऐकू यायची. लोक जाळी घेऊन बाहेर भिंतीच्या सावलीला बसू लागले. सावली सरकेल तसे सरकत. सकाळी गाव इमारतीच्या पश्चिमेला असे आणि दुपारनंतर पूर्वेला. समाजमंदिराचा उपयोग करून घेतला तो फक्त बायकांनी, त्यांचे बांगडे स्लॅबवर एका दिवसात सुकायचे.

त्याहून वाईट म्हणजे शाकारणीचा दिवस आला आणि गेला. वरच्या वाडीने झाप विणले नाहीत, खालच्या वाडीने सुंभ वळलं नाही. जुने झाप जाळणारं घर तर कोणाशी बोलेनासंच झालं. जाळायला काही नसलेल्या माणसाला गावात काय किंमत? कौल घेताना मानाचं काय होईल हे विचारायला कोणालाच सुचलं नव्हतं. वर्षातून एक दिवस ज्या लोकांना एकमेकांशिवाय चालत नसे, त्यांना आता बारा महिने चालू लागलं. वाड्यांमध्ये धुसफूस वाढली. पावसाळ्यात स्लॅब ठिबकू लागला, आधी एका कोपऱ्यात, मग सगळीकडे. सळ्यांचे गंजके डाग छताला उमटले. त्यात त्या वर्षी रापणीला मासळी लागली नाही.

देवीचं काहीतरी चुकलंय असं म्हणता येत नव्हतं. देवीने तर स्वतः उजवी पाकळी दिली होती. गावाने बराच विचार केला. शेवटी सावलीत, बहुधा पूर्वेच्या, आबांना उत्तर सापडलं.

"देवीन पक्कां छप्पर घाला म्हणान सांगल्यान," आबा म्हणाले. "झाप घालू नकात म्हणान खंय सांगल्यान?"

सगळे थक्क झाले. इतकी साधी गोष्ट. स्लॅबही देवीचा आणि झापही देवीचे. म्हणजे स्लॅबवर झाप घालायचे. वर वासे उभे करायचे, पाखी घालायची, आढं चढवायचं, ज्याचा त्याचा मान ज्याला त्याला. जुने झाप जाळणारा म्हातारा परशुराम पुढे येऊन म्हणाला की यंदा जुने नसले तरी दोन झाप मी जाळीनच. त्याला परवानगी मिळाली. वरची वाडी आणि खालची वाडी एकमेकांशी बोलू लागली. गावात कितीतरी दिवसांनी आनंदीआनंद झाला, आणि लवूच्या पायाखालची वाळू सरकली.

तो माझ्याकडे आला तेव्हा त्याचा चेहरा बघवत नव्हता. जुनी खोप एवढी, तिच्यावर हा स्लॅब एवढा, त्याच्यावर आणखी आढं. तो हातांनी दाखवत होता, आणि हात डोक्याच्याही वर जात होते. आढं त्याच्या मनात पार आभाळाला टेकलं होतं. "मीच केलंय ह्यां," तो म्हणाला. "मीच ओरोसाक जाऊन जाऊन आढां वर चढयलंय."

खरं होतं ते. मला हसू आलं नाही.

मग लवूच्या तोंडून कळलं की नेमकं शाकारणीच्याच दिवशी वैभववाडीला प्रेमलतेच्या चुलतबहिणीच्या घरी लग्न निघालं आहे. मला प्रेमलतेनेच सांगितलं की अशी चुलतबहीण तिला नाही.

"जा वैभववाडीक," ती लवूला माझ्यादेखत म्हणाली. "मी चढतंय. मान घराचो आसा, घरात मी आसंय."

लवूने उंबऱ्याकडे बघितलं. मग म्हणाला, "तुका काय झाला तर?"

"तुका झाला तर माका काय व्हतला, ह्यो इचार केलंस कदी?"

ती हे रागाने बोलली नाही. इतकी वर्षं दर उन्हाळ्यात ती खाली उभी राहून वर बघत होती, आणि ती कधीच डोळे मिटत नव्हती, हे त्या क्षणी माझ्या ध्यानात आलं. लवूच्याही आलं असावं. वैभववाडीचं लग्न मोडलं.

शाकारणीला आबांनी शुभदालाही निरोप धाडला होता. तुमचं छप्पर घालतोय, या. ती आली आणि रस्त्यावरच थांबली. पांढऱ्या चौकोनी इमारतीच्या डोक्यावर लोक पोफळीचे वासे बांधत होते. हा आपला विजय आहे की अपमान, हे तिला ठरवता येईना. मलाही तिला मदत करता आली नाही. ती जिना चढून वर गेली आणि लोकांना सुंभ देऊ लागली.

झाप चढत गेले. दोन्ही पाखी स्लॅबच्या कडेबाहेर चांगली हातभर खाली उतरवली. दुपार झाली आणि शेवटचा झाप राहिला.

लवू जिना चढला. भिंतीला अंग घासत, एक एक पायरी. वर पोचला तेव्हा त्याने नेहमीसारखे डोळे मिटले होते, आणि आबांनी खालून गाऱ्हाण्याला सुरुवात केली होती. "बा देवा म्हाराजा, आज तुझ्या लेकरांनी डोक्यार दोन-दोन छपरां घातली, तां गोड मानून घे..." लवू हात पुढे करून वासा चाचपू लागला, वर चढण्यासाठी. तिथे वर चढण्यासारखं काही नव्हतं. आढं त्याच्या डोक्याच्या जरासं वर होतं. प्रेमलतेने मासळीची एक रिकामी पेटी पालथी घालून त्याच्या पायाशी सरकवली.

हे कोणाच्याच डोक्यात आलं नव्हतं, आबांच्या नाही, माझ्या नाही, लवूच्या तर नाहीच. बायकांच्या मात्र आलेलं असणार, त्या रोज स्लॅबवर असत. सरकारने एवढं सिमेंट, एवढ्या सळ्या आणि एवढे कागद खर्चून आडबंदरात जी वास्तू उभारली होती, तिचा खरा उपयोग आता दिसत होता. ते लवूसाठी बांधलेलं स्टूल होतं.

तो पेटीवर चढला. शेवटच्या झापासाठी राहिलेल्या आढ्याच्या फटीतून त्याचं डोकं आणि खांदे बाहेर गेले. त्याने झाप ओढला, सुंभ फिरवलं, दोन्ही हातांनी गाठ मारली. डोळे मिटलेलेच.

"डोळे उघड," प्रेमलता खालून म्हणाली. ती त्याच्या पायाशी, पेटी धरून बसली होती. "पडलंस तर माज्या पायार पडतलंस. माजो पाय मोडात, तुका काय होवचा नाय."

मी जिन्यावर होतो, तिथून मला त्याचा चेहरा दिसत होता. त्याने डोळे उघडले. पुढे-मागे पाखी उतरत गेलेली, त्यामुळे खालची जमीन त्याला दिसतच नव्हती, माणसं दिसत नव्हती, खोल असं काही नव्हतं. दिसत होतं ते लांबचं. सगळे माड आणि माडांचे शेंडे, खाडीचं वळण, मालवणच्या किल्ल्याचा तट, उन्हात परतणारी शिडं, आणि त्यापलीकडे समुद्र, होडीतून कधी दिसला नव्हता तेवढा. खाली गाव व्हय म्हाराजा म्हणालं.

लवू उतरला नाही.

लोकांनी पानं मांडली. परशुरामाने दोन कोरे झाप थाटात जाळले. शुभदा स्लॅब आणि झापांच्या मधल्या जागेत बसून होती. वारा एका बाजूने येऊन दुसऱ्या बाजूने जात होता. तिने स्लॅबला तळवा लावून बघितला, पुन्हा लावून बघितला, आणि आबांना हाक मारून म्हणाली, "खाली आत जाऊन बघा, गार झालं असेल. हे मला सुचलं नसतं."

"आमकाय सुचूक नाय," आबा म्हणाले. मग वर बघून त्यांनी हाक दिली, "लवू, झाला रे. ये जेवाक."

"वायच ऱ्हवा, आबांनू," वरून आवाज आला.

गाव पहिल्यांदाच समाजमंदिराच्या आत जेवायला बसलं. खरंच गार होतं. भात वाढून झाला, सोलकढी आली, तरी लवूचं पान रिकामंच. शेवटी प्रेमलता वर गेली आणि त्याला हाताला धरून घेऊन आली. तो माझ्या शेजारी बसला. हात भाताला लावला आणि तसाच ठेवला.

"बाबा घसरूक नाय गो," तो प्रेमलतेला म्हणाला, हळू, पण मला ऐकू आलं. "तो वरसून दर्या बघीत ऱ्हवलो."

प्रेमलता वाढायची थांबली. लवू पानाकडे बघून रडत होता, इतक्या वर्षांनी, बाप आजच गेल्यासारखा. आबांनी काय झालं म्हणून विचारायला तोंड उघडलं आणि माझ्याकडे बघून मिटलं. मग आम्ही सगळे आपापल्या पानात बघून जेवू लागलो.